तुटक्या सुईची नोंद

प्रिय आई,

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "मावशीचं झालं तसंच माझंही होईल ना गं?" मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. पेशंट आलाय असं सांगून फोन ठेवून दिला. पेशंट कोणी आलेला नव्हता. खुर्ची रिकामी होती, तिच्यावरचा दिवा चालू राहिला होता आणि मी त्या दिव्याकडे बघत उभी होते. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. का देता येत नाही ते मात्र लिहिता येईल. तूच म्हणतेस ना, तोंडी सांगितलेल्याला पाय फुटतात, कागदावरचं जागच्या जागी राहतं.

गुरुवारी तू अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून येणार आहेस. तू आपल्या पायांनी डॉक्टरकडे यायला तयार झालीस हीच आपल्या घरातली मोठी बातमी. आपल्याकडे दाताला आजवर दोनच औषधं, लवंग आणि पक्कड. लवंग हरली की पक्कड. तुझ्या उजव्या बाजूच्या चार दाढा अशाच गेल्या, आणि दर वेळी बाबांचं एकच म्हणणं, "गेली पीडा." आता तू सगळं डावीकडून चावतेस आणि दुखतेय तीही डावीकडचीच, खालची मोठी दाढ. ती गेली तर तुला चावायला बाजूच उरणार नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी कवळीचा साचा हातात घेतला तेव्हा मला तुझंच तोंड दिसलं होतं. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की तुझे राहिलेले दात तरी मी राखीन. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू माझं सर्टिफिकेट कारखान्यात नेऊन दाखवलंस, त्याच्या किती तरी आधी मी हे ठरवलं होतं. ठरवताना फार सोपं वाटलं होतं.

तर आधी गुरुवारी काय काय होईल ते सांगते. कारखान्यात शिलाईच्या लाइनवरच्या बायकांनी तुझे कान भरून ठेवलेत ते मला माहीत आहे. कुणी म्हणे ड्रिल मेंदूपर्यंत जातं, कुणी म्हणे नस ओढली की डोळा अधू होतो. तसलं काही होत नाही. दाढ वरून कॉलरसारखी कडक असते पण आतून पोकळ, आणि त्या पोकळीत मऊ नस असते, ती मुळांतून खाली हाडापर्यंत उतरते. कीड तिथवर पोचली की नस सडते. तुला जो ठणका लागतो, अर्ध्या डोक्यापर्यंत चढतो, तो तिचाच. आधी एक्स-रे काढतील. मग हिरडीत सुन्न करायचं इंजेक्शन. ते टोचतं, खोटं कशाला सांगू. दहा आकडे मोजेपर्यंत टोचतं. मग तुला ओठ उशीएवढा झाल्यासारखा वाटेल, पण आरशात बघितलंस तर होता तेवढाच असेल. दाताभोवती रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे औषध किंवा काही बारीकसारीक घशात जात नाही. तुला तोंडावर काही आलेलं सोसत नाही, तेव्हा हे आधीच सांगते: नाकानं श्वास घ्यायचा, सावकाश. ड्रिलचा आवाज तुमच्या ओव्हरलॉक मशीनपेक्षा कमीच असतो, फक्त तो कानातून न येता कवटीतून येतो. मध्येच फरशी पुसायच्या पाण्यासारखा वास येईल. ते आतली घाण धुवायचं औषध. आणि दुखलं तर डावा हात वर करायचा. हात वर गेला की खुर्चीपाशी जो कोणी असेल त्यानं थांबायचं, हा नियम आहे. तू बाळंतपणात दातओठ खाऊन गप्प राहिलीस हे कौतुक मला आजीकडून शंभरदा ऐकून झालंय. इथं ते करायचं नाही.

मग फाईल. तुला पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, "एवढ्याशा दातात फाईल कुठं मावते, सरकारी ऑफिस आहे का ते?" आमची फाईल म्हणजे सुईच. तुझ्या मशीनच्या सुईपेक्षा किती तरी बारीक, वर रंगीत प्लास्टिकची मूठ, अंगाला पीळ. पिळाच्या धारेनं मुळाच्या आतली नळी खरवडून साफ होते. आधी नळीची लांबी मोजायची, फाईलवर रबराची बारीक टिकली असते ती त्या मापावर सरकवायची, त्यापुढे जायचं नाही. एक बारीक फाईल, मग जराशी जाड, मग तिच्याहून जाड, आणि मध्ये मध्ये धुवायचं. मूळ सरळ असलं तर हे काम सोपं. मूळ बाकदार असलं तर फाईलही त्या बाकात वाकते आणि वाकलेली असतानाच फिरते. असं होऊन होऊन तिचा पीळ सैलावतो. दिव्याखाली धरली की त्या जागी एक चमक दिसते. चमक दिसली की फाईल टाकून द्यायची. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, पण मला ते घरून येतच होतं. तू दर सोमवारी सुई बदलायचीस, चांगली असली तरी. का म्हणून विचारलं तर म्हणायचीस, "मोडल्यावर काय, सगळेच बदलतात."

तो झबल्यांचा दिवस तुला आठवत असेल. मी नऊ वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती आणि घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तू मला कारखान्यात नेलंस. मी तुझ्या मशीनखाली चिंध्यांच्या पोत्यावर बसले होते. बाळांच्या झबल्यांची ऑर्डर चालली होती. टक् असा आवाज झाला आणि तू पायाखालचं पॅडल सोडलंस. सुई मोडली होती. तुमच्या कारखान्याचा नियम मला त्या दिवशी कळला: मोडक्या सुईचा तुकडा न् तुकडा शोधायचा, जुळवून बघायचा, नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवायचा, तेव्हा कुठं नवी सुई हातात पडते. एखादा तुकडा मिळाला नाही तर ते झबलंच नव्हे, हाताखालचं सगळं बंडल बाजूला निघतं. त्या दिवशी नेमका टोकाचा तुकडा मिळेना. लोहचुंबक फिरवून झालं, मशीन आडवं करून झालं, मला उठवून पोतं झटकून झालं. माल न्यायला गाडी दारात उभी. सुपरवायझर म्हणाला, "बाई, पडला असेल कुठंतरी खाली. करा सही आणि सोडा पुढं." तू म्हणालीस, "खाली पडला असेल तर दाखवा मला." एवढंच बोललीस आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. अख्खी लाइन तुझ्यावर वैतागली होती. मला इतकी भीती वाटत होती की मी तुझ्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मग तुझ्या डाव्या हाताच्या मशीनवरून मावशी उठली. ती तुझी सख्खी बहीण नाही हे मला बरंच उशिरा कळलं. एकोणीस वर्षं शेजारी बसल्यावर सख्खं आणखी काय असतं. तिनं बंडल मांडीवर घेतलं आणि एकेका झबल्याची शिवण खालच्या ओठावरून फिरवायला लागली, डोळे मिटून. म्हणाली, "बोटांचं मेलं लाकूड झालंय. ओठाला अजून कळतं." अकराव्या झबल्याच्या गळ्यापाशी ती थांबली. तिच्या ओठावर रक्ताचा एक थेंब आला होता. अकराव्याच, मी खात्री करून घेतलीय. तू दोन्ही तुकडे वहीत चिकटवलेस, खाली तारीख घातलीस आणि पुढे लिहिलंस, "तुकडे पूर्ण." पूर्ण हा शब्द त्याआधी मी धड्यात कितीदा वाचला असेल. त्याला वजन असतं हे तिथं कळलं.

तू माझं क्लिनिक अजून पाहिलेलं नाहीस. खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही. बाहेर पाच खुर्च्या, एक बाक, आणि कोपऱ्यात माशांची काचपेटी, जिच्यात मासे नाहीत, नुसते बुडबुडे येतात. सर, म्हणजे ज्यांच्याकडे मी काम करते ते मोठे डॉक्टर, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांचा हात इतका हलका आहे की पेशंट खुर्चीत घोरायला लागतात. बाकी सगळीकडे मला आधी अनुभव आणा म्हणाले, सरांनी खुर्ची दिली. पहिल्या महिन्यात मी एक मोठा कागद लिहून भिंतीला लावला: रूट कॅनलमध्ये काय काय होतं, सोप्या भाषेत. सर हसले, "हा निबंध कोण वाचणार?" पण काढा म्हणाले नाहीत. सगळ्यात खाली मी लिहिलं होतं, "उपचारात जे काही घडेल, ते तुम्हाला सांगितलं जाईल." सहा महिने तो कागद कुणी वाचला नाही. वाचला तो मावशीनं. अक्षरांखाली बोट धरून, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाहेर बसलेल्या सगळ्यांना तो ऐकावा लागला. शेवटच्या ओळीवर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शाबास. आईवर गेलीस."

तिला तूच पाठवलं होतंस. "आधी हिचं कर. ही जिवंत परत आली तर मी येते," असं तू फोनवर म्हणालीस आणि मागून तिचं हसणं मला ऐकू आलं होतं. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला, तीन आठवड्यांपूर्वी, नळ्या साफ करून भरायच्या होत्या. तिनं डोळे गच्च मिटले आणि माझ्या एप्रनचा कोपरा मुठीत धरला. हात एकदाही वर केला नाही. शेवटी उठून बसली आणि अर्ध्या सुन्न तोंडानं म्हणाली, "झालं? एवढंच?" दुसऱ्या दिवसापासून ती लाइनभर माझं नाव घेत फिरतेय हे तुझ्याचकडून कळलं. तिच्या भरवशावर तू गुरुवार ठरवलास.

आता लिहिते. तिच्या दाढेच्या पुढच्या मुळाला बाक होता. फाईल दिव्याखाली धरली तेव्हा पिळापाशी चमक होती. मी ती पाहिली, आई. नवी पाकिटं कपाटात होती, कपाटाची किल्ली सरांकडे, आणि सर पलीकडच्या खुर्चीवर कामात होते. मला वाटलं, एकदा चालेल. याहून मोठं कारण मी फार शोधलं, मिळालं नाही. फाईल आत दोनदा फिरली, आणि मग हाताला जे अडत होतं ते अचानक अडेनासं झालं. आवाज झाला नाही. तुझ्या सुईसारखं टक् झालं असतं तर बरं झालं असतं, मावशीनं डोळे तरी उघडले असते. मी फाईल बाहेर काढून पट्टीला लावली. पंचवीस मिलिमीटरची होती. बावीस भरली.

तीन मिलिमीटर तिच्या मुळात राहिले. मी सरांना बोलावलं. त्यांनी एक्स-रे घेतला, मुळाच्या टोकाशी पांढरी रेघ दिसत होती, तुझ्या वहीतल्या तुकड्यासारखी. त्यांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केला, घाई केली नाही, माझ्यावर आवाज चढवला नाही. तुकडा निघाला नाही. मावशीला तो कामाचाच भाग वाटला. मग त्याच्या वरची नळी धुऊन, सुकवून त्यांनी भरून टाकली आणि मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाले, "असं माझ्या हातून झालंय, माझ्या गुरूंच्या हातूनही झालंय. नळी जवळजवळ साफ झाली होती. शंभरातल्या बऱ्याच लोकांना जन्मभर काही होत नाही. जिला दुखत नाही तिला सांगून दुखणं कशाला द्यायचं?" आणि केसपेपरवर लिहिलं, "उपचार पूर्ण." मी शेजारी उभी होते. मला तो शब्द दिसत होता. बाहेर येऊन मी मावशीला सांगितलं की दोन दिवस त्या बाजूनं चावू नकोस. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

सर जे म्हणाले त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि तेच मला फार जड गेलं. तो तुकडा विषारी नाही, आपल्या आपण फिरत नाही, मेंदूत बिंदूत जात नाही. पण त्याच्या पलीकडे थोडीशी घाण उरली असली तर सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, ती दाढ सुजू शकते. म्हणून मध्ये मध्ये एक्स-रे काढून बघायला हवं. मोठ्या दुर्बिणीखाली काम करणारे डॉक्टर असतात, ते कधी कधी तुकडा काढू शकतात, आणि कधी बघून सांगतात की राहू दे, बरा आहे तिथं. हे सगळं कधी होईल? तिला माहीत असेल तर. नाही तर एक दिवस दाढ ठणकेल, ती लवंग धरेल, मग पक्कड. आणि "डॉक्टरनं तर पूर्ण केलं होतं" म्हणून नशिबाला बोल लावेल.

हे मला तीन आठवडे माहीत होतं. तीन आठवडे मी रोज त्या भिंतीवरच्या कागदासमोरून ये-जा केली. एकदा तो कागद काढायलाही गेले, एक टाचणी काढली आणि परत लावली. तू फोनवर सांगायचीस की मावशी चेकिंग टेबलवरच्या दोघींना घेऊन येणार म्हणतेय, आणि मी म्हणायचे, "बरं." तू म्हणालीस की आता तुला भीती वाटत नाही. तुझी भीती घालवायला मी पाच वर्षं शिकले, आणि ती गेली कशानं, तर माझ्या गप्प बसण्यानं. एकदा वाटलं, तुझं काम आधी नीट करून टाकावं, मग मावशीला सांगावं, म्हणजे तू तरी घाबरून मागे फिरणार नाहीस. हा विचार मी चांगला दोन दिवस केला. तुला न सांगता तुझ्या तोंडात हात घालायचा, तुझ्याच भल्यासाठी. सरांचं बोलणं आणि माझं बोलणं एकाच सुरात यायला लागलं, तेव्हा मी घाबरले.

गुरुवारचं राहिलेलं काम सांगून टाकते, नाही तर अर्धवट राहील. सुन्नपणा दोन-तीन तासांत उतरतो, तोवर काही खायचं नाही, गाल चावला जातो. पुढचे दोन-चार दिवस दाढ दाबली की दुखेल, तो तुझा आताचा ठणका नव्हे. जास्त चालून पाय दुखतात तसं ते दुखणं. सूज वाढत गेली, ताप आला, तर तोंड धुऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. नळ्या भरून झाल्या की वरून टोपी बसवतात, कारण नस काढलेली दाढ ठिसूळ होते. आणि शेवटची गोष्ट: काम संपलं की एक्स-रे मागायचा. "मला दाखवा" म्हणायचं. मुळाच्या टोकापर्यंत पांढरं भरलेलं दिसलं पाहिजे. काही वेगळं दिसलं तर विचारायचं. तुला दाखवा म्हणायला कुणी शिकवायची गरज नाही.

मावशी आज सकाळी टोपी बसवायला आली होती. काल जाताना मी सरांना सांगितलं होतं की उद्या मी तिला सांगणार आहे. ते बराच वेळ हात धूत राहिले, मग म्हणाले, "तर मग सोमवारी बोलू." सोमवारी काय बोलतील मला माहीत नाही. आज ते माझ्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मी टोपी बसवली नाही. मावशीला एक्स-रे दाखवला, पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं, चमकेसकट. तिनं एक्स-रे हातात घेऊन दिव्यासमोर धरला. मग म्हणाली, "तीन आठवडे? तीन आठवडे मी तुझं कौतुक सांगत फिरतेय, आणि तू ऐकून घेत होतीस?" मी हो म्हणाले. तिनं तोंड फिरवून दारातून दिसणाऱ्या काचपेटीतल्या बुडबुड्यांकडे बघितलं. नंतर जीभ दाढेवरून फिरवली, हळू, शिवणीवरून ओठ फिरवायची तशी, आणि म्हणाली, "कुठंय ते ठाऊक आहे ना तुला? मग हरवला नाही. पण सांगायला उशीर केलास, हे मी विसरणार नाही." केसपेपरवर "उपचार पूर्ण"च्या खाली मी माझ्या अक्षरात खरं ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि सही केली. बुधवारी मी तिला माझ्या कॉलेजच्या हॉस्पिटलात नेतेय. तिथल्या मॅडमकडे दुर्बीण आहे, त्यांची वेळ घेतलीय. मग मी विचारलं की आईला सांगू का, कारण पेशंटची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची नसते, आईलासुद्धा नाही. मावशी म्हणाली, "तोंडी सांगितलंस तर ती आधी तुझी बाजू घेईल, मग माझी, आणि शेवटी रडत बसेल. लिहून दे. मी नेते." म्हणून ती आता माझ्या खोलीत, माझ्या कॉटवर बसलीय, तिची बस सुटायला अजून तासभर आहे, आणि पान लिहून झालं की ती उचलून वाचतेय. अकरावं झबलं तिनंच दुरुस्त केलं, मी नववं लिहिणार होते. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर असेल. हवं ते तिला विचार, ती माझं काही झाकणार नाही. गुरुवारची तुझी वेळ मी खोडलेली नाही, पण तिच्यापुढे डॉक्टरचं नाव लिहायची जागा कोरी ठेवलीय. माझं लिहायचं, मॅडमचं, की आणखी कुणाचं, ते तू सांग. फक्त लवंग धरून घरी बसू नकोस. आणि खाली चिकटपट्टीनं फाईल चिकटवलीय, यंत्रात घालून निर्जंतुक केलेली, भिऊ नकोस. लांबी बावीस मिलिमीटर. उरलेले तीन मावशीच्या खालच्या दाढेत, पुढच्या मुळाच्या टोकाशी. तारीख आजची, सही माझी. तुकडे अपूर्ण, असं मी लिहिलं आहे.

तुझीच,
लाइनवर तू जिला "आमची डॉक्टरीण" म्हणतेस ती